एकच चित्र चार शहरांत, आणि चारही अस्सल

वाचकांचे प्रश्न : कागदावरची चित्रं

प्रश्न : नमस्कार ताई. मुलीकडे अमेरिकेत गेलो होतो तेव्हा एका संग्रहालयात व्हिस्लर या चित्रकाराचं ‘नॉक्टर्न’ नावाचं एक छोटं एचिंग पाहिलं. रात्रीचं व्हेनिस. शेजारच्या पाटीवर चित्राबद्दल दोन ओळी आणि माणसांची नावंच जास्त : आधी अमक्याकडे, मग तमक्याकडे, या साली या प्रदर्शनात. घरी येऊन शोधलं तर हेच चित्र न्यूयॉर्कमध्ये आहे, लंडनमध्ये आहे, ग्लासगोतही आहे! मग मी पाहिलं ते अस्सल की नक्कल? आणि मालकांची ही यादी आम्हा प्रेक्षकांना वाचायला का लावतात?
— एक निवृत्त बँक अधिकारी, पुणे

उत्तर : तुम्ही पाहिलंत ते अस्सल. न्यूयॉर्कचंही अस्सल आणि ग्लासगोचंही. हिशेब जुळवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे खटकणार, याची मला कल्पना आहे.

एचिंग करणारा चित्र काढतो ते तांब्याच्या पत्र्यावर. पत्र्यावर आधी मेणा-डांबराचा पातळ थर चढवायचा, सुईने त्या थरात रेघा ओढायच्या आणि वर ॲसिड सोडायचं. थर खरवडला गेलेला असतो तिथेच ॲसिड तांबं खातं. मग थर पुसून टाकायचा, खोलगट रेघांत शाई भरायची, वरची शाई मलमलीने आणि तळहाताने पुसायची, ओलसर कागद ठेवायचा आणि प्रेसमधून काढायचा. हातात येतो तो कागद म्हणजे चित्र. पुढच्या कागदासाठी पुन्हा शाई, पुन्हा पुसणं. पत्रा एक, चित्रं अनेक, आणि प्रत्येक कागद अस्सल.

इथपर्यंत कोणत्याही एचिंगची गोष्ट झाली. ‘नॉक्टर्न’ची जरा पुढची आहे. साधारण २० बाय ३० सेंटिमीटरच्या त्या पत्र्यावर व्हिस्लरने रेघा फारच थोड्या ओढल्या आहेत : पाणी, दूरचा किनारा, गलबताची डोलकाठी. मग रात्र कुठून आली? ती पत्र्यावर कोरलेलीच नाही. शाई पुसताना त्याने मुद्दाम एक पातळ पापुद्रा वर ठेवला, कुठे जाड, कुठे विरळ, आणि कागदावर त्याचा अंधार झाला. म्हणून एका कागदावर नुकतीच तिन्हीसांज झालेली दिसते आणि दुसऱ्यावर मध्यरात्र. दोन्ही एकाच पत्र्याची. एचिंग शिकवताना मी मुलांसमोर या चित्राचे दोन वेगवेगळ्या कागदांचे फोटो शेजारी शेजारी ठेवायची आणि ‘यातला पत्रा कोणता बदलला?’ असं विचारायची. सगळे फसायचे.

आता मालकांची यादी. रात्र पुसण्यातून येत असेल तर पत्रा कोणी पुसला आणि कधी, हा चित्राच्या मुळाशीच जाणारा प्रश्न होतो. त्यासाठी हे कागद जन्माला आले कसे ते सांगायला हवं.

१८७८च्या नोव्हेंबरात व्हिस्लर रस्किन या समीक्षकाविरुद्धचा अब्रुनुकसानीचा खटला जिंकला. भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी! खटल्याच्या खर्चाने तो पुरता बुडाला. १८७९च्या मे महिन्यात दिवाळखोरी जाहीर झाली, पाठोपाठ लंडनचं घर विकलं गेलं. त्याला हात दिला तो न्यू बॉन्ड स्ट्रीटवरच्या फाइन आर्ट सोसायटी या व्यापारी दालनाने. व्हेनिसला जा, बारा एचिंग करून आण, अशी कामगिरी त्यांनी त्याला दिली. मुदत सुमारे तीन महिन्यांची. हा बाबा सप्टेंबर १८७९ मध्ये गेला आणि परतला थेट पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात. येताना बारा नाही, पन्नासच्या आसपास पत्रे आणि शंभरेक पेस्टल चित्रं घेऊन. ज्यांनी पैसे गुंतवले होते त्यांची मधल्या काळात काय अवस्था झाली असेल, ते तुमच्यासारख्या कर्जवसुली पाहिलेल्या माणसाला मी सांगायला नको.

१८८०च्या डिसेंबरात बारा एचिंग लंडनमध्ये मांडली गेली. त्यात ‘नॉक्टर्न’ होतं. लंडनच्या समीक्षकांना वेगळं व्हेनिस हवं होतं. ठसठशीत महाल, ओळखीचे घुमट. यात त्यांना अर्धवट, उणं काहीतरी दिसलं. शिवाय व्हिस्लर जागेवर उभा राहून सरळ पत्र्यावरच काढायचा, त्यामुळे छापल्यावर शहर आरशातल्यासारखं उलटं यायचं. डावीकडची इमारत उजवीकडे. त्याने ते सुलट करण्याची तसदी घेतली नाही.

बेत होता बारा चित्रांचे शंभर संच छापण्याचा. छपाई व्हिस्लर स्वतःच करायचा आणि एकेका कागदावर इतका वेळ घालवायचा, की ते काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. संचातलं काही काम शेवटी फ्रेडरिक गोल्डिंग या लंडनच्या नामांकित छपाईकाराच्या हातून झालं. गोल्डिंगबद्दल मला आदर आहे, त्याचा हात अतिशय स्वच्छ. पण ‘नॉक्टर्न’ला स्वच्छ हात घेऊन करायचं काय?

म्हणून मालकी पाहायची. सॅम्युएल एव्हरी हा न्यूयॉर्कचा कलाव्यापारी. त्याने व्हिस्लरची एचिंग जमवली आणि १९०० साली आपला सुमारे अठरा हजार छापाचित्रांचा संग्रह न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाला देऊन टाकला. व्हिस्लर वारला १९०३ साली. म्हणजे एव्हरीच्या देणगीतला कागद चित्रकाराच्या मृत्यूनंतर छापलेला असूच शकत नाही. पाटीवरच्या ‘एव्हरी, १९००’ एवढ्या दोन शब्दांनी हे सिद्ध होतं. तज्ज्ञाची गरज नाही, भिंगाची नाही, रसायनाची नाही. जमिनीचा सातबारा काढतो तसाच हा कागदाचा सातबारा समजा. फेरफारांची साखळी पहिल्या मालकापर्यंत तुटली नाही, तर निम्मे वाद उद्भवतच नाहीत.

दुसरी साखळी चार्ल्स लँग फ्रीअरची. डेट्रॉइटचा हा गृहस्थ रेल्वेचे डबे बनवण्याच्या धंद्यात गबर झाला. १८८७ मध्ये त्याने व्हिस्लरची व्हेनिसची एचिंग विकत घेतली, तीही त्या बारांनंतर निघालेला दुसरा संच, एकूण २६ चित्रांचा. आधी घेतले कागद, मग १८९०ला लंडनला जाऊन चित्रकाराची ओळख करून घेतली. पुढे तो व्हिस्लरचा सर्वांत मोठा संग्राहक झाला. (१८९४-९५च्या आशियाच्या सफरीत तो भारतातही येऊन गेला.) त्याचा संग्रह १९०६ मध्ये अमेरिकन सरकारने स्वीकारला आणि १९२३ साली वॉशिंग्टनमध्ये त्याचं दालन उघडलं. पण फ्रीअरने अट घातली होती, की यातलं काही उसनं म्हणून बाहेर पाठवायचं नाही आणि बाहेरचं काही आणून इथे शेजारी मांडायचं नाही. त्यामुळे त्या कागदांची मालकी आरशासारखी स्वच्छ, आणि प्रदर्शनांचा रकाना मात्र जवळजवळ रिकामा. तिथे ‘प्रदर्शित झालेलं नाही, म्हणजे दुय्यम’ असा अर्थ कोणी लावला तर तो साफ चुकेल.

ग्लासगोचा मार्ग आणखी वेगळा. व्हिस्लरमागे त्याचा ऐवज त्याच्या मेहुणीकडे, रोझालिंड बर्नी फिलिपकडे आला. तिने १९३५ मध्ये ग्लासगो विद्यापीठाला मोठी देणगी दिली आणि १९५८ मध्ये तिच्या मृत्यूनंतर उरलेलंही तिथेच गेलं. अनेक मूळ पत्रेही आज तिथल्या हंटेरियन संग्रहालयात आहेत. या देणगीतल्या कागदांवर मालकांची नावं दोनच : तो आणि ती.

यादीत वर्षांचं खिंडार असेल तरी पाहावं. १९३३ ते १९४५ या काळात कागद युरोपात होता आणि कुणाकडे ते लिहिलेलं नाही, असं दिसलं की संग्रहालयं आता स्वतःहून चौकशी करतात. ज्यू संग्राहकांकडून लुटलेल्या किंवा दबावाखाली विकत घेतलेल्या कलावस्तूंबाबत १९९८ साली वॉशिंग्टनमध्ये अनेक देशांनी तत्त्वं मान्य केली, तेव्हापासून हा प्रघात पक्का झाला. एचिंगसारखी वस्तू वहीत घालून सीमेपार जाते, त्यामुळे इथे शोध अवघड असतो.

प्रश्न : ताई, संग्रहालयांच्या नोंदीत प्रदर्शनांची सालं, क्रमांक वगैरे देतात. त्यातून चित्राबद्दल काही कळतं का, की निव्वळ मानपान?
— एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : पुष्कळदा मानपानच. पण याच व्हेनिसच्या चित्रांनी दोनदा अपवाद केला.

पहिला १८८१चा. फ्रँक डुव्हेनेक हा अमेरिकन चित्रकार त्याच सुमारास व्हेनिसमध्ये एचिंग करत होता. त्याची काही चित्रं लंडनला पेंटर-एचर्स या नव्या संस्थेच्या पहिल्या प्रदर्शनाला आली. संस्थेचा प्रमुख सर्जन सेमूर हेडन, स्वतः उत्तम एचिंग करणारा आणि व्हिस्लरच्या सावत्र बहिणीचा नवरा. मेहुण्या-मेहुण्यांचं १८६७ पासून बोलणं बंद. हेडनला आणि त्याच्या सहकाऱ्यांना शंका आली, की हा डुव्हेनेक म्हणजे नाव बदललेला व्हिस्लरच! ते तडक फाइन आर्ट सोसायटीत गेले आणि तिथली व्हिस्लरची चित्रं काढायला लावून ताडून पाहू लागले. व्हिस्लरला कळायचा अवकाश, त्याने सगळा पत्रव्यवहारच पुस्तिका करून छापला. हे भांडण वाचताना माझी करमणूक होते, पण त्यातलं एक उपयोगी आहे. कोणते कागद त्या वसंतात दुकानात होते, कोणी पाहिले, हे लेखी राहिलं.

दुसरा १८८३च्या फेब्रुवारीतला. पुन्हा तेच दालन, यावेळी ५१ एचिंग. भिंती पांढऱ्या, पडदे पिवळे, खुर्च्या पिवळ्या, फुलं पिवळी, दारातल्या नोकराचा पोशाखही पांढरा-पिवळा. पाहुण्यांना टोचून घ्यायला पिवळी फुलपाखरं. माझ्या मते यातला निम्मा थाट अनावश्यक होता. पण कॅटलॉग पाहा : प्रत्येक चित्राखाली त्याने समीक्षकांनी पूर्वी झोडपलेली वाक्यं छापली, आणि मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर, यांच्याच तोंडून यांचा न्याय करा, अशा अर्थाची ओळ. वाक्यं थोडीफार मोडतोड करून घेतली होती, हेही खरं. तरी आज एखाद्या कागदामागे १८८३चं नाव आणि क्रमांक दिसला, तर त्या क्रमांकासमोर त्यावेळी लोक काय म्हणाले ते आपल्याला वाचता येतं. असं भाग्य किती चित्रांना लाभतं?

आणि हे कागद सतत टांगलेले का नसतात, असंही बाई, तुम्ही पुढे विचारलं आहे. उजेडामुळे. कागदावरच्या कामाला संग्रहालयं साधारण ५० लक्सपर्यंतच प्रकाश देतात आणि काही महिन्यांनी ते पेटीत परत जातं. दूरवरून आलेल्या माणसाला संग्रहालय सांगतं, ‘सध्या प्रदर्शनात नाही.’ रागावू नका. बऱ्याच ठिकाणी आधी पत्र टाकलं, तर अभ्यासिकेत काढून दाखवतात. टेबलावर, काचेशिवाय. मला विचाराल तर भिंतीवरच्यापेक्षा तेच बरं.

प्रश्न : मॅडम, व्हिस्लरच्या एचिंगच्या फोटोत कागद प्लेटच्या काठापर्यंत कापलेला दिसतो आणि खाली एक छोटीशी शेपटी राहते. हे नुकसान आहे का? आमचे सर तर समास सोडला नाही की मार्क कापतात.
— प्रिंटमेकिंगची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : नुकसान नाही, हट्ट. व्हेनिसच्या काळापासून तो स्वतःच समास कापून टाकायचा आणि सहीपुरती जीभ ठेवायचा. त्या जिभेवर पेन्सिलने त्याचं फुलपाखरू, आणि पुष्कळदा ‘इम्प.’ अशी अक्षरं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘याने छापलं’, म्हणजे पत्रा कोणी पुसला त्याची साक्ष. त्याकाळी श्रीमंत संग्राहकांना रुंद समासाचं भारी वेड होतं, समासात चित्रकाराने गंमत म्हणून चिमुकलं चित्र काढलं तर आणखी भाव. १८८६ मध्ये व्हिस्लरने या सगळ्याविरुद्ध जाहीर कलमंच मांडली : मोठा पत्रा हा अपराध आहे, समास असूच नये, वगैरे.

त्याचा एक परिणाम तुझ्या उपयोगाचा आहे. कागदाच्या पुढच्या बाजूला समासच नाही म्हटल्यावर संग्राहकांचे मालकीचे शिक्के गेले पाठीवर. कागद उलटा करून पाहायची सवय लाव. फ्रिट्स लुख्त या डच माणसाने १९२१ मध्ये अशा शिक्क्यांचा कोश काढला, १९५६ मध्ये पुरवणी. आजही शिक्का ओळखायचा तर ‘लुख्त अमुक क्रमांक’ असंच बोलतात, आणि तो कोश आता इंटरनेटवर फुकट पाहता येतो.

सरांना मात्र समास सोडूनच दे. फुलपाखरू काढण्याइतके आपण अजून मोठे झालेलो नाही.

प्रश्न : त्या व्हेनिसच्या संचातलं सर्वांत दुर्मीळ कोणतं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : संचातलं नाही, संचात न आलेलं. ‘ट्राघेट्टो’चा पहिला पत्रा.

ट्राघेट्टो म्हणजे व्हेनिसमधला तरीचा धक्का. चित्रात काळोखा बोळ आहे, बोळापलीकडे उजेडाचं अंगण, झाडं, एका कडेला टेबलाभोवती बसलेली माणसं. बाराही चित्रांत माझं सर्वांत आवडतं. व्हिस्लरने पहिल्या पत्र्यावरून काही प्रुफं, म्हणजे चाचणीचे छाप, काढली, ती छान उतरली. पण स्वस्थ बसवेना. तो आणखी काम करत गेला आणि पत्रा हातचा गेला. हे दुःख एचिंगवाल्यालाच कळेल. कागदावर खोडता येतं, तांब्यातली रेघ बुजवताना घाम फुटतो.

मग त्याने जे केलं ते मला व्हेनिसच्या सगळ्या कहाण्यांत मोलाचं वाटतं. तेवढ्याच मापाचा नवा पत्रा घेऊन त्यावर काळा थर चढवला. जुन्या पत्र्यात काळ्या शाईऐवजी पांढरा रंग भरून एक छाप काढला. तो ओला असतानाच नव्या पत्र्यावर पालथा घालून प्रेसमधून फिरवला. काळ्या थरावर पांढऱ्या रेघांत जुनं चित्र उमटलं, आणि दोनदा उलटल्यामुळे बरोबर मूळ दिशेला. मग शेजारी चांगलं प्रूफ ठेवून त्याने ते चित्र रेघ रेघ पुन्हा काढलं. ज्याला आपण लहरी, छानछोकी माणूस म्हणतो तो हा. व्हेनिसमध्ये त्याच्याभोवती डुव्हेनेकचे तरुण अमेरिकन विद्यार्थी होते. त्यांच्यातल्या ऑटो बाकरकडे स्वतःची प्रेस होती आणि व्हिस्लर ती हक्काने वापरायचा. पत्र्यावर थेट ॲसिड ओतून तो ते पिसाने कसं फिरवायचा, हेही बाकरने लिहून ठेवलं आहे.

संचात गेलं ते या दुसऱ्या पत्र्याचं. पहिल्याचे छाप फारच थोडे. केनेडीने १९१० मध्ये काढलेल्या व्हिस्लरच्या एचिंगच्या सूचीत पहिल्याला १९० आणि दुसऱ्याला १९१ क्रमांक आहे. लिलावात नुसतं ‘ट्राघेट्टो’ लिहिलेलं दिसलं, तर आधी तो आकडा विचारा.

प्रश्न : चोरबाजारात जुन्या फ्रेमसकट एक व्हेनिसचं काळं चित्र मिळालं. कोपऱ्यात फुलपाखरू आहे! खरं असेल का? फ्रेमवाला म्हणतो साफ करून लॅमिनेट करून देतो.
— एक वाचक, मुंबई

उत्तर : फ्रेमवाल्याकडून आधी परत आणा. मग बाकीचं.

खरं असण्याची शक्यता कमी आहे, हे आधीच सांगते. व्हिस्लरच्या चित्रांच्या छापील प्रतिकृती गेली शंभर वर्षं निघत आहेत. केनेडीच्या ज्या सूचीचा उल्लेख वर केला, तिच्यातच पत्र्यात बदल होत गेले तसतशा त्याच्या ठाऊक असलेल्या प्रत्येक टप्प्याचं चित्र होतं. जुनी प्रतिकृती कागदानेही जुनीच दिसते, त्यामुळे पिवळेपणावर जाऊ नका. चांगलं भिंग घ्या. ठिपक्यांची जाळी दिसली तर विषय संपला. रेघा सलग दिसल्या तर कागद तिरप्या उजेडात धरा. खऱ्या एचिंगमध्ये शाई रेघेवर किंचित उचललेली असते, बोट न लावताही दिसते. फुलपाखरू पेन्सिलचं आहे का छपाईचंच, ते पाहा. आणि कागद फ्रेमच्या माउंटला चिकटवलेला नसेल, तर पाठ पाहा : शिक्का, पेन्सिलचे आकडे, दुकानाची चिठ्ठी, काहीही. फ्रेमच्या मागचा पुठ्ठा टाकू नका, माहिती बहुधा त्यावरच असते.

चिकटवलेला असेल तर ओढू नका, पाणी लावू नका. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धनाचा विभाग आहे, तिथे विचारा. मला पुढचा-मागचा, दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा, शेजारी फूटपट्टी ठेवून. पुढचा फोटो सगळेच पाठवतात, मागचा विसरतात.